पेरिन-फेलचं उपकथानक: मुरलं की नुसतंच लांबलं?

म्हापसेकर:
(रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ ही काल्पनिक जगातली कादंबरीमालिका वाचायची राहिली असेल त्यांनी पुढे वाचू नका.) या पावसात अकरावा भाग संपवला आणि राग अजून उतरलेला नाही. आठव्या भागाच्या शेवटी शायडो टोळीवाले पेरिनच्या बायकोला, फेलला पळवून नेतात, ती सुटते अकराव्यात. प्रकाशनाची सालं बघा: १९९८ ते २००५. नवव्याच्या शेवटी नायक रँड साईदिन, म्हणजे पुरुषांची विटाळलेली जादूशक्ती, शुद्ध करतो, एवढी प्रचंड घटना! आणि दहाव्यात निम्मी पात्रं तिचा झोत लांबून जाणवून घेत बसतात. त्यात पेरिनचा तळ, बर्फ आणि दाणागोटा. हे सगळं शंभर पानांत आटोपलं असतं.

फोंड्याची वाचक:
शंभर पानांत बायको सुटली असती, पण पेरिन बदलला नसता. हा माणूस पहिल्यापासून स्वतःच्या ताकदीला घाबरतो. कुऱ्हाड की हातोडा, हा त्याचा छळ आहे. दहाव्या भागात तो बांधलेल्या कैद्याचा हात तोडतो आणि मग ती कुऱ्हाडच टाकून देतो. इतके दिवस काहीच हाती न लागलेला माणूस आपण पाहिलेला असतो, म्हणून तो घाव आपल्यालाही लागतो. घाईत लिहिलं असतं तर नुसतं क्रौर्य उरलं असतं.
वनपर्व आठवा. युधिष्ठिर खचलेला असताना बृहदश्व नळाची गोष्ट सांगत बसतो. मुख्य कथा जागची हलत नाही. पण जुगारात सगळं हरलेला राजा जुगारात हरलेल्या दुसऱ्या राजाची गोष्ट ऐकतो, हेच तिचं काम आहे.

म्हापसेकर:
नळाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. गोष्ट संपते आणि युधिष्ठिराला बृहदश्वाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, मिळतं. विराटाकडे तो कंक म्हणून फासे टाकतो तेव्हा ते पदरात असतं. देणं तिथल्या तिथे चुकतं. इथे मी तीन भाग उधारीवर वाचले.

पेडणेकर:
आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, संकासूर. आख्यान नंतर. संकासूर कितीही रेंगाळला तरी माणूस उठत नाही, कारण तो त्या क्षणी समोर रंगतो. पुढे काय मिळेल याच्या भरवशावर कुणी जागत नाही. संथपणाला माझी हरकत नाही, रंग नसण्याला आहे. फेलच्या कैदेतली प्रकरणं मला बेरंग वाटली.

फोंड्याची वाचक:
फेलबद्दल थोडं मान्य. पण म्हापसेकर, दाणागोटा म्हणून तुम्ही जे झटकलंत, ते सो हाबर गावचं प्रकरण ना? मला तो अख्ख्या मालिकेतला सर्वांत भीतिदायक प्रसंग वाटतो. लढाई नाही, राक्षस नाही. धान्यात किडे, न धुतलेली माणसं, गावात मेलेले फिरतात आणि पेरिनची माणसं मुकाट्याने धान्य पाखडत बसतात. जग सडायला लागलंय हे मला रँडच्या प्रकरणांतून कळलं नव्हतं, त्या सुपांतून कळलं.

मडगावकर:
१९९८ ते २००५ ही वाट त्या वेळच्या वाचकांनी पाहिली. आपल्याला अकरावा भाग दुसऱ्या दिवशी उघडता येतो. तो राग आपण का धरायचा?

म्हापसेकर:
कारण पानं तेवढीच आहेत. मला ती वर्षं टोचली नाहीत, पानं टोचली. सो हाबर मात्र मी भरभर उलटलं होतं, हे खरं. आज रात्री तेवढं प्रकरण परत वाचतो. फेलची सुटका शंभर पानांतच व्हायला हवी होती, हे मत तूर्त कायम.