प्रति: निलंबनामुळे मुलं मागे पडतात का?
'मुळात मागे पडलेलीच मुलं निलंबित होतात, निलंबनाला दोष कशाला?' हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा शालेय शिस्तीवरचा २०११ चा अहवाल पाहा. सातवीतल्या जवळपास १० लाख मुलांचा किमान सहा वर्षं माग काढला होता. निलंबन किंवा हकालपट्टी झालेल्यांपैकी ३१ टक्के मुलं एकदा तरी त्याच इयत्तेत राहिली. कसलीच कारवाई न झालेल्यांत ५ टक्के. इतर घटक हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही.

आणि गणितात तीन दिवसांचं निलंबन म्हणजे अपूर्णांकांचा भागाकार हुकला. मूल परततं तेव्हा वर्ग पुढच्या धड्यावर. म्हणून घरी पाठवतानाच रोजचा अभ्यास लिहून द्या, आणि परतल्या दिवशीच गणिताच्या बाईंचा अर्धा तास राखून ठेवा.