क्रॉलरला (खडक चढणाऱ्या रिमोटच्या गाडीला) टू-स्पीड गिअरबॉक्स घेऊ का सिंगल-स्पीड ओव्हरड्राइव्हवाला?

सातारी_चाकं:
मंडळी जरा मदत करा. १/१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची) गाडी एलसीजी (वजन खाली ठेवणाऱ्या) चासीवर जमवतोय, अ‍ॅक्सल मेटलचे, दोन्हीकडं डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं), मोटर ३५ टी (३५ वेढ्यांची) ब्रश्ड (कार्बन ब्रशवाली), बॅटरी २एस (दोन सेलची). सगळं झालंय, ट्रान्समिशनवर गाडी अडलीय. टू-स्पीड घेतला तर लो मध्ये चढता येईल, हाय टाकून पळवता येईल, पण यूट्यूबवर बघावं तो सिंगल-स्पीड ओव्हरड्राइव्हचंच गुणगान गातोय. चालवतो अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला नाहीतर माहुलीला संगमाजवळच्या खडकात. उभ्या चढाला गाडी मागं पलटी होते ही मेन कटकट. पैसे एकदाच घालायचेत, घरात आधीच "खेळणी" वरनं ऐकून घेतोय.

मिरजेचा_पिनियन:
टू-स्पीड कशाला राव. त्याला शिफ्टिंगचा सर्व्हो (गिअर हलवणारी छोटी मोटर) वेगळा, रिमोटला एक चॅनल जादा, वजन वाढतं ते निराळंच, एवढं एलसीजी करून वर सर्व्हो लादायचा म्हणजे काय अर्थय? तुझी पलटी कशानं होते बघ, चढाला वजन सगळं मागच्या चाकांवर येतं, पुढची हलकी होतात आणि मागची ढकलत राहतात, मग नाक वर. ओव्हरड्राइव्हमध्ये पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडी जास्त फिरतात, त्यामुळं गाडी पुढनं ओढली जाते आणि कमी जागेत वळते पण. ते अ‍ॅक्सलमधनं पण मिळतं हां, समजा पुढं ३०/८ दाती गिअर म्हणजे ३.७५ आणि मागं ३३/८ म्हणजे ४.१२५ (आकडा कमी तेवढं चाक जास्त फिरतं), झाला की १०% फरक, बॉक्सला हात पण लावायला नको.

घाटवाट_आरसी:
थोडं उलटं बोलतो. माझ्याकडं ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ क्रॉलर आहे, रिमोटवरनं गिअर पण बदलतो आणि डिफ लॉक पण. यवतेश्वरच्या बाजूला मित्रांबरोबर चालत फिरायचं असेल तर हाय गिअर लागतोच, नाहीतर गाडी मुंगीगत मागं राहते आणि आपण पुढं थांबून वाट बघत बसतो. दुसरं म्हणजे जांभ्यावर ग्रिप जबरदस्त असते, तिथं ओव्हरड्राइव्हची पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि तो सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. नदीतल्या गुळगुळीत काळ्या दगडावर चाक सटकतं म्हणून ते जाणवत नाही. आणि हो, कास पठारावर कुणी गाडी न्यायची नाही, २०१२ पासून वर्ल्ड हेरिटेजमध्ये आहे ते, फुलं तुडवून फोटो टाकलेला दिसला तर इथंच झापणार.

सातारी_चाकं:
@मिरजेचा_पिनियन दादा, माझ्या सध्याच्या बॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह आधीच आहे का नाही हे कसं कळायचं? सेकंडहँड घेतलाय, डबा-कागद काही नाही.

मिरजेचा_पिनियन:
सोप्पंय. गाडी ठोकळ्यावर ठेव, चारी चाकं अधांतरी. पुढच्या-मागच्या एकेका टायरवर खडूनं रेघ मार, बॅटरी काढ आणि स्पर गिअर (मोटरच्या पिनियनला लागलेला मोठा गिअर) हातानं हळूहळू फिरव. मागचं चाक १० वेळा फिरेपर्यंत पुढचं ११ फिरलं तर १०% आहे, दोन्ही १० तर काहीच नाही. आणि बॉक्स घ्यायच्या आधी पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बदलून बघ की, १५ दाती असेल तर ११ टाक, स्पीड २७% च्या आसपास कमी होतो आणि तेवढाच जोर वाढतो, जरा जास्तच. पिच (दातांचं माप) मात्र स्परचाच पाहिजे. बसवताना दोन गिअरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घाल, मोटर दाबून स्क्रू आवळ आणि पट्टी ओढून काढ, गॅप बरोबर येते.

कुपवाड_लेथ:
वरचं सगळं बरोबर, पण पैसे एकदाच घालायचे असतील तर मोटरवर घाल. हॉबीविंग फ्युजनसारखी एफओसीवाली (हळू फिरताना पण नीट कंट्रोल ठेवणारी ब्रशलेस) घे, मोटर आणि ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) एकाच डब्यात. अगदी हळू पण गचके न देता सरकते आणि वर स्पीड पण ब्रश्डपेक्षा जास्त, मग एकाच गिअरमध्ये दोन्ही कामं होतात. टू-स्पीडची निम्मी गरज तिथंच संपली. सिंगल बॉक्स, मागं ३३/८, आणि ही मोटर. घाटवाट भाऊ चिडतील, पण संगमाच्या दगडात हाय गिअर टाकणार कुठं?

घाटवाट_आरसी:
चिडत नाही, खडकासाठी मान्य. पण ट्रेलला आलास तर मागं राहशील, थांबणार नाही 😄