नवा शब्द मीमसारखा पसरेल, पण टिकेल का?

मूळ मांडणी : भाषाशिक्षिका, लातूर

'मीम' हा शब्दच घडवलेला आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली अनुकरणाचा अर्थ असलेला एक ग्रीक शब्द कातरून, 'जीन'शी उच्चार जुळेल असा तो तयार केला आणि नकलेने माणसामाणसांत पसरणाऱ्या कल्पनांना ते नाव दिले. आज आपण मोबाइलवरच्या विनोदी चित्राला मीम म्हणतो, म्हणजे शब्द टिकला तो लोकांनी अर्थ वळवल्यानंतरच. म्हणून माझे मत असे की, जो नवा शब्द लोकांना हवा तसा वाकवता येतो तोच पसरतो आणि टिकतो. तो कोणी घडवला याला फारसे महत्त्व नाही.

आमच्या गावाचेच पाहा. 'लातूर पॅटर्न' हे नाव इथल्या परीक्षांच्या तयारीच्या पद्धतीवरून रूढ झाले. पुढे लोकांनी 'लातूर' काढून तिथे दुसरे गाव बसवले आणि विषयही बदलला. पीक विम्यात कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारी पद्धत 'बीड पॅटर्न' म्हणून ओळखली जाऊ लागली. साचा उचलायचा आणि मोकळ्या जागी आपले काही भरायचे, हीच मीमची रीत आहे. याउलट एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेल्या गाडीला 'जलदूत' असे देखणे नाव मिळाले होते. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले, देशभर बातमी झाली, पण घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आम्हा बायकांच्या तोंडी 'पाण्याची रेल्वे' हेच शब्द राहिले.

प्रतिसाद : निवृत्त महसूल कर्मचारी, नांदेड

ताई, उदाहरणे पटली, निष्कर्ष पटला नाही. मीम हसण्यावर जगते आणि हसू ओसरले की शब्द शिळा होतो. गणपतीत गाजलेला शब्द दिवाळीला कोणी उच्चारत नाही. शब्द टिकवते ती व्यवस्था. सावरकरांच्या नावावर असलेला 'महापौर' कोणी गंमत म्हणून पसरवला नाही. महापालिकेच्या दालनावर पाटी लागली, बातम्यांत रोज छापला गेला आणि तो रुळला. 'ओके'चेही तसेच. १८३९ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे वापरण्याची थट्टा चालली होती. त्यातली बहुतेक विरली, 'ओके' मात्र वाचले, कारण १८४० च्या निवडणुकीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ते त्यांच्या किंडरहूक या गावावरून पडलेल्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावाच्या आद्याक्षरांशी जोडून प्रचारात घेतले. थट्टेने त्याला जन्म दिला, पण जगवले संघटनेने.

प्रतिसाद : उर्दू-मराठीचे अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर

साहेब, व्यवस्थेवर एवढा भरवसा ठेवण्याआधी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. निजामाच्या राज्यात १९१७ मध्ये अनुवादासाठी 'दारुल तर्जुमा' स्थापन झाला आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. विज्ञान, वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी यांसाठी विद्वानांनी हजारो उर्दू संज्ञा घडवल्या आणि मराठवाड्यातली मुलेही हैदराबादेत जाऊन त्या शिकली. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य गेले, पाठोपाठ विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि त्यातल्या बहुसंख्य संज्ञा ग्रंथालयाच्या कपाटातच राहिल्या. इतकी मोठी व्यवस्था पाठीशी असून ही गत व्हावी, याचे मला मनापासून दुःख आहे. परंतु 'खासरा' (जमिनीची जुनी नोंद) आणि 'गिरदावर' (जमिनीच्या नोंदी तपासणारा महसूल कर्मचारी) हे शब्द आजही आपल्या बांधावर ऐकू येतात. कोणत्या समितीने ते घडवले नव्हते. त्यांच्यात माणसांची जमीन गुंतलेली होती.

मूळ लेखिकेचे उत्तर

साहेब, संघटनेचे बळ मी नाकारत नाही. पण २०२० मध्ये व्यवस्थेने शाळाशाळांवर 'विलगीकरण कक्ष' असे फलक लावले, तो शब्द प्रत्येक गावाने ऐकला, आणि आज माझ्या वर्गातल्या मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. फलक उतरले तसा शब्दही उतरला. 'पॅटर्न'ला मात्र कोणाचा फलक नाही, तरी 'तो पॅटर्नवाला पोरगा' असे आमच्याकडे सहज बोलले जाते. सरांनी सांगितलेला 'खासरा' मला अधिक विचार करायला लावतो. गरज आणि जिव्हाळा जिथे आहे, तिथे शब्द थट्टेतून आला की दप्तरातून, हा प्रश्न मागे पडत असावा.

प्रतिसाद : निवृत्त महसूल कर्मचारी, नांदेड

एवढे मान्य करतो, परंतु 'खासरा' अभिलेख कक्षात जपला गेला म्हणूनच तोंडी राहिला, हे विसरू नये. तरीही 'शेततळे' हा शब्द तुमच्या बाजूने जातो, हे प्रामाणिकपणे लिहितो. २०१६ नंतर 'मागेल त्याला शेततळे' योजनेचे अर्ज आले तेव्हा तो आमच्या कागदांवर पूर्ण लिहिला जाई. शेतकऱ्यांनी त्यातले 'शेत' लगेच गाळले. आता आमच्या गावात कोणी 'तळ्यावर जाऊन येतो' म्हणाला, तर तो वेशीजवळच्या जुन्या तळ्याकडे नव्हे, प्लास्टिक अंथरलेल्या आपल्या खड्ड्याकडे निघालेला असतो.