अनुभव धागा : गिरणीतला पणजा दप्तरात कुठं सापडतो?

आमच्या पणजोबांची म्हणून घरात एकच वस्तू उरली आहे. रुपयाएवढा पितळी बिल्ला, त्यावर नंबर. शाहू मिलच्या दारात तो दाखवायचा म्हणे. मिल १९०६ ची, २००३ ला बंद पडली. माणूस त्याच्याही कितीतरी आधी गेला.

सरदार-इनामदारांच्या वंशावळ्या कोल्हापुरात रग्गड आहेत. इथं हमाल, साचेवाले, चप्पल शिवणारे, भाजीवाल्या यांच्या नातवंडा-पणतवंडांनी लिहावं. तुमचं माणूस कुठल्या कागदात सापडलं? नसेल सापडलं, तर तेही लिहा.

सुरुवात मीच करतो. मिलचे हजेरीपट शोधण्यात दोन वर्षं घालवली, हाती काही लागलं नाही. पणजोबा सापडले ते शाळेत. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. त्या धाकानं आजोबांचं नाव आमच्या खेड्यातल्या जनरल रजिस्टरात चढलं, आणि पालकाच्या धंद्यापुढं लिहिलंय, 'गिरणीत नोकर'. पुढच्या वर्षी शेरा : 'गैरहजर, नाव कमी केले.' घरदार शहरात कधी आलं त्याचा पुरावा म्हणजे ही कमी केलेली ओळ.

मंगळवार पेठ

२०२३ ला कुणबी नोंदींची धावपळ सुरू झाली, तेव्हा आम्हीही लागलो. खोटं कशाला बोलू, दाखल्यासाठीच.

मोडी वाचणाऱ्या काकांनी जन्म-मृत्यूच्या वहीतलं साल वाचलं, '१३२८'. भाऊ म्हणाला, "काका, हे शिवाजी महाराजांच्याही आधीचं झालं की!" काका हसून हसून दमले. ते फसली साल. त्यात ५९० मिळवायचे, आणि साल बदलतं मृगाला. म्हणजे जून १९१८ ते जून १९१९.

त्या वहीतलं आश्विनाचं पान मी कधी विसरणार नाही. मृत्यूचं कारण : ताप. खाली ताप. त्याच्या खाली ताप. मग कारकुनाचा हात बहुधा दुखला असावा, तिथून पुढं नुसतं 'सदर', 'सदर', 'सदर'. त्या 'सदर'मध्ये आमच्या पणजीची सासू आणि दोन दीर, आठ दिवसांच्या आत. घरात आजवर सांगत आले की देवीनं नेले. देवी नव्हे, इन्फ्लुएंझाची साथ होती ती.

एक सांगते. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्याकडं जाताना घरातली ठाऊक असलेली सगळी नावं कागदावर लिहून न्या, नाहीतर भलतंच नाव वाचलं जातं. दाखल्याचं विचारू नका, अजून लटकलाय.

शाहूपुरी

आमचा आज्जा गुळाच्या पेठेत हमाल. रवं उचलून उचलून डावा खांदा खाली गेलेला, फोटोत बी दिसतंय. दप्तर-बिप्तर आम्ही काय बघितलं न्हाई. वंशावळ सांगणारा हेळवी येतोय की सुगीला! सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवल्या त्यानं. पण आज्जा काय काम करायचा म्हणून विचारलं तर गडी गप. त्याच्या चोपडीत नाव हाय, पोरं हायत, घाम न्हाई. दोन पायली जुंधळं दिलं आणि वाटंला लावला. अड्ड्यावरच्या म्हाताऱ्या हमालांनीच जे सांगितलं ते आमच्याकडं हाय.

आता पुण्यात, मूळ शुक्रवार पेठ

माझी खापरपणजी भाजी विकायची. कागदोपत्री ती कुठंच स्वतःच्या नावानं धडपणे येत नाही, येते ती 'कोम' म्हणून, म्हणजे अमक्याची बायको. मुलगे 'बिन', बायका 'कोम', आणि आडनावाच्या जागी जात नाहीतर धंदा. हे कळेपर्यंत मी आडनावानं शोधत बसले होते!

मग चुलत्यांच्या ट्रंकेत एका खोलीचं खरेदीखत निघालं. तळाशी सहीच्या जागी एक वेडावाकडा गोल, आणि बाजूला 'निशाणी बांगडीची'. लिहिता न येणाऱ्या बाईची सही बांगडी, शेतकऱ्याची नांगर, अशी रीत होती. गोल पुरता मिटलेला नाही. शेवटी टाक अडखळलाय, शाईचा एक थेंब पडलाय. कागद लिहिणाऱ्यानं काढला की तिनं स्वतः, कोण जाणे. मी मात्र तिनंच काढला असं धरून चालते.

बिंदू चौकाजवळून

थोडक्यात फसवणूक सांगतो, स्वतःच स्वतःची केलेली. घरफाळ्याच्या जुन्या वहीत आजोबांचं नाव मिळालं, वडिलांचं नावही जुळलं. पेढे वाटले. वर्षभरानं मिळकत पत्रिकेचा उतारा काढला तर तो गृहस्थ भलताच, जात वेगळी, गल्ली वेगळी. घरफाळ्याचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर एकच समजलो होतो. एका कचेरीत याबद्दल विचारलं तर 'तुमचे आजोबा भाड्यानं राहत होते, मग कशाला शोधताय?' असं उत्तर मिळालं. भाडेकरूला पणतू नसतात बहुतेक.

नाव नको

आमच्याकडं उलटं झालं. १९१८ पर्यंत आमच्या घरातल्या एकाही माणसाचं नाव जमिनीच्या कागदावर वेगळं दिसत नाही. सगळं 'महार वतन' या एका शब्दात. त्या साली महाराजांनी महारकी वतन खालसा केलं, जमिनी रयतावा करून ज्याच्या त्याच्या नावावर लावल्या. तिथून पणज्याचं नाव सुरू होतं. तोवर गावकीची कामं राबून करणारा माणूस होता, नाव नव्हतं.

जमीन पुढं राहिली नाही, सावकारात गेली. पणजा शहरात येऊन रेल्वेच्या मालधक्क्यावर लागला. तिथला एकही कागद नाही. पण ती एक नोंद मी रंगीत झेरॉक्स काढून घरात लावली आहे. पाहुणे विचारतात, सातबारा फ्रेम करतात व्हय?

पुन्हा मी, धागा काढणारा

बांगडीचं वाचलं आणि राहवलं नाही, रविवारी आत्याकडं गेलो. २०१९ च्या पुरात तिची ट्रंक भिजली होती, कागद एकमेकांना चिकटलेले. ते ओढून काढू नका, आम्ही ओढले आणि दोन फाटले. तिसरा वाचला. पणजोबांनी कुणाकडून तरी साठ रुपये घेतल्याचा कर्जरोखा. धंदा : गिरणी कामगार. खाली, सहीच्या जागी, 'निशाणी नांगराची', आणि टाकानं काढलेला बोटभर नांगर.

आत्याला विचारलं, आपली जमीन होती का कधी?

"कुठली रं," म्हणाली, "कुंडीत तुळस हाय तेवढीच."