मदत हवी आहे: मॅमथ केव्हला आईबाबांना न्यायचंय, कुठली टूर घेऊ?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंडियानापोलिसला असतो. आईबाबा पुण्याहून आलेत आणि लाँग वीकेंडला केंटकीत मॅमथ केव्ह बघायचं चाललंय. जगातली सगळ्यात लांब गुहा, मोजलेली लांबीच ४२० मैलांच्या वर, हे बाबांनी वाचलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. प्रश्न आईचा आहे. तिचे गुडघे गेलेत, सपाटीवर चालेल हळूहळू पण जिना म्हटला की संपलं, त्यात उतरताना जास्त त्रास. आणि सोबत चार वर्षांचं कार्टं, ते अर्ध्या वाटेत कडेवर येणार हे नक्की.

साइटवर टूर्स इतक्या आहेत की काही कळेना. बाबांना हिस्टॉरिकच हवीये, दोन मैल, दोन तास, ५४० पायऱ्या!! १८१२च्या युद्धात बंदुकीच्या दारूसाठी तिथे सोरा काढायचे, त्याचे लाकडी हौद अजून आत आहेत म्हणे, ते त्यांना बघायचेत. आईला हौदात काडीचा इंटरेस्ट नाही, अराकूला गेलो होतो तेव्हा बोरा केव्ह्जमध्ये लवणस्तंभ बघितले तसलं काहीतरी हवंय तिला. सगळ्यांना मिळून एकच टूर जमेल का? स्ट्रोलर नेता येतो का? आणि हिस्टॉरिकवर ती फॅट मॅन्स मिझरी नावाची चिंचोळी वाट आहे ती कितपत चिंचोळी, बाबांचं पोट जरा... समजून घ्या.

---

प्रतिसाद १

अगं एकच टूर घेऊ नकोस, कोणीतरी नाराज होणारच. हिस्टॉरिकवर लवणस्तंभ जवळजवळ नाहीतच. गुहेच्या बऱ्याच भागावर वालुकाश्माचं छप्पर आहे, पाणी खाली झिरपतच नाही त्यामुळे आत सगळं कोरडं. म्हणून तर ते हौद इतकी वर्षं टिकले. जिथे ते छप्पर तुटलंय तिथे पाणी उतरतं आणि तिथेच लवणस्तंभ. आईला फ्रोझन नायगारा टूर दे. बसने दारापर्यंत नेतात, चालणं पाव मैल, पायऱ्या १२. मध्ये ९८ पायऱ्यांचा एक भाग आहे पण तो ऐच्छिक, आईला वरच थांबू दे. पिल्लूपण तिकडेच ने. डोम्स अँड ड्रिपस्टोन्सच्या मोहात पडू नकोस, लवणस्तंभ आहेत पण सुरुवातीलाच २८० पायऱ्या उतरायच्या.

स्ट्रोलर नाही चालत, पाठीवरचं फ्रेमवालं कॅरियरपण नाही.

पोटाचं म्हणशील तर त्या वाटेत कमरेखाली जास्त अरुंद आहे, वर जागा असते. अंग तिरकं करून सरकायचं. मला बाबांच्या पोटापेक्षा शेवटच्या जिन्याच्या टॉवरची काळजी वाटेल, एका दमात १५५ पायऱ्या चढायच्या.

---

प्रतिसाद २

+१. तिकिटं आधी ऑनलाइन काढा, वीकेंडला ऐनवेळी गेलात तर बाहेर हरणं बघत बसाल. पार्कला एंट्री फी नाही, पैसे फक्त टूरचे.

आत बारा महिने ५४ फॅरनहाइट, म्हणजे १२ सेल्सिअसच्या आसपास, आईंना स्वेटर हवाच. दुसऱ्या कुठल्या गुहेत घातलेले बूट-कपडे नेऊ नका, वटवाघळांना बुरशीचा रोग होतो तो पसरू नये म्हणून. बाहेर आल्यावर साबणाच्या पाण्याच्या मॅटवरून चालवतात तेही त्यासाठीच. आणि पार्क सेंट्रल टाइमवर आहे, तुम्ही ईस्टर्नवर, तिकिटावरची वेळ नीट बघा.

बाबांना सांगा रेंजरला स्टीफन बिशपबद्दल विचारायला. गुलाम होता, १८३८ मध्ये गुहेतला बॉटमलेस पिट नावाचा खोल खड्डा ओलांडून पलीकडची गुहा त्यानेच शोधली. माझ्या मते हौदांपेक्षा तो किस्सा भारी आहे.

---

धागाकर्ती

खूप थँक्स दोघांना! बाबा आणि नवरा हिस्टॉरिक, मी, आई आणि कार्टं नायगारा असं बुक करतेय. टॉवरचं बाबांना सांगितलं तर म्हणे सिंहगड चढतो मी. बघू. आता एकच राहिलं, दोन्ही टूर एका वेळेला घेऊ की मागेपुढे? जवळ जेवायला व्हेज काही मिळतं का की डबाच घेऊन जाऊ?