मनोरीचं उरलेलं खारं पाणी: "समुद्राचंच समुद्रात" म्हणणाऱ्यांना

मनोरीकर: काल इथे एकाने लिहिलं, मनोरीच्या समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पातलं उरलेलं खारं पाणी समुद्राचंच, ते समुद्रातच गेलं तर कोळ्यांच्या पोटात का दुखतं. रात्रभर डोक्यातून जाईना. दिवसाला २०० दशलक्ष लिटर गोडं पाणी काढायचं ठरलंय. १०० लिटर ओढले की साधारण ४० गोडे, सगळं मीठ उरलेल्या ६० मध्ये, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमचं जवळपास ५८, शिवाय अँटिस्केलंट, म्हणजे यंत्रात क्षार साचू नयेत म्हणून टाकायचं रसायन. हे जड पाणी तळाला बसतं आणि जवळा, करंदी ही बारीक कोळंबी बरेचदा तळाजवळच असते. आमच्या बाबांच्या डोलीत, म्हणजे डोल जाळ्यात, जे यायचं ते आधीच निम्मं झालंय.

पंपवाला: तुमच्या आधीच्या नुकसानीचा दोष न आलेल्या प्रकल्पावर कशाला? ऑस्ट्रेलियात पर्थजवळ क्विनानाच्या अशाच प्रकल्पात २००६ पासून डिफ्यूझर आहेत, बारीक नोझलमधून जोरात वर सोडलं की लगेच मिसळतं. कॅलिफोर्नियात तर पाणी सोडतात तिथून १०० मीटरवर खारटपणा लिटरला २ ग्रॅमपेक्षा जास्त वाढू द्यायचा नाही असा नियमच आहे. मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकरसाठी भांडणं होतात ती बघायला या.

कांदिवली ७२: सोडायचंच कशाला? मीठ काढा, मिठागरं ओस पडलीत.

भाईंदरची सून: हे बोलणाऱ्याने मिठागरात एक दिवस तरी उभं राहावं. सासऱ्यांच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं, रात्री खोबरेल लावताना ओरडायचे. हिशोब करा, उरलेलं पाणी रोज ३० कोटी लिटर, ऊन्हाने ५ मिलिमीटर आटतं धरलं तरी ६० चौरस किलोमीटर जागा लागेल, बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या निम्म्याहून जास्त! आणि पावसाळ्याचे चार महिने?

कांदिवली ७२: मग मशीनने आटवा. प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचं का?

भाईंदरची सून: वीज कोण भरणार? दिवसाला साडेसतरा हजार टन मीठ निघेल, ठेवणार कुठे, तुमच्या पार्किंगमध्ये?

पंपवाला: मिठाचं ताई बरोबर बोलतायत, मला आधी सोपं वाटलं होतं.

मनोरीकर: डिफ्यूझरचं मीही मानतो, नाइलाजाने. पण पर्थला तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजतात, इथे कोण मोजणार? खारं पाणी सोडायचा पाइप समुद्रात किती आत नेणार ते आधी आम्हाला सांगा, आणि तळाच्या पाण्याचे आकडे रोज मनोरीच्या जेटीवर फळ्यावर लिहा, मराठीत, आमच्या आईला वाचता येतील असे.