स्टार वॉर्सचा लेगो : खेळ म्हणायचा का शोपीस?

रंकाळा_चौपाटी
दिवाळीपासनं डोक्यात फिरायलंय म्हणून लिहितोय, पटलं तर बघा नायतर शिव्या घाला. भाचा आठवीत हाय, राजारामपुरीत ऱ्हातोय. "मामा मला एक्स-विंग पायजे" म्हणून सहा महिने मागं लागलेला, म्हणजे ते स्टार वॉर्स सिनेमातलं चार पंखांचं लढाऊ विमान, लेगोचं, प्लॅस्टिकचे ठोकळे एकात एक बसवून करायचं. घेतलं शेवटी. केवढ्याला ते लिहीत नाय, बायको हा धागा वाचती.

शनिवारी जेवण झाल्यावर बसलं पोरगं, पिशवी नंबर १ फोडली, मग २, पुस्तकात बघायचं आणि लावायचं, सातला जोडून मोकळं. मधी तोंड उघडलं ते एकदाच, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक करडा तुकडा सापडंना तेव्हा, सगळं घर दिवाण उचलून बघायलंय. नाय गावला तो नायच, त्याच्यावाचून एका पंखाचं टोक आजून बोडकं हाय. आणि मग विमान गेलं शोकेसमध्ये, आजोबांच्या निवृत्तीच्या घड्याळाशेजारी. मी पंख उघडून बघावा म्हणून हात घातला तर "मामा नको ना, निखळतंय!" आता त्यावर धूळ बसलीय.

माझं म्हणणं एवढंच की ह्याला खेळणं का म्हणायचं. आम्ही किल्ला करायचो तेव्हा बारदान चिखलात बुडवून दगडांवर टाकायचं, वर अळीव पेरायचं, पन्हाळा म्हणून सुरू केलेलं पावसानं एक बाजू ढासळली की विशाळगड व्हायचं आणि तेच बरं दिसायचं. पुस्तक कुठलं आलंय. लेगोचे आठ बटणांचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाखांच्या वर तऱ्हांनी जोडता येतात म्हणे, आणि ह्या डब्यावर चित्र किती? एक!

तांबडा_पांढरा
मोठा मिलेनियम फाल्कन, स्टार वॉर्समधल्याच यानाचा सेट, २०१७ ला आला तेव्हा ८०० डॉलर. तेवढ्यात म्हैस येती भावा.

उद्यमनगरवाला
म्हैस येती पण म्हशीचं टॉलरन्स काय, म्हणजे मापात फरक किती चालतो?
चेष्टा सोडा. मी टूलरूमला आहे, वीस वर्षं डाय आणि पॅटर्न म्हणजे साचे बघतोय, म्हणून हे वेगळ्या अंगानं सांगतो. पोरीचा एक आठ बटणांचा ठोकळा कामावर नेला आणि व्हर्नियर लावला. ३१.८ बाय १५.८ मिलिमीटर. दुसरा घेतला, तेच. बटणाचा व्यास ४.८, दोन बटणांच्या मधलं अंतर ८, ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ पट्टी ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक ठोकळा. पोरगं हे मापाचं गणित हातानं शिकतं, त्याला कळत पण नाही आपण शिकलो. आता लक्षात घ्या, एका बटणाला आठ मिलिमीटर म्हणायचं तर चार बटणांचा ठोकळा ३२ पाहिजे होता, तो ०.२ कमी का ठेवलाय? शेजारी दुसरा ठोकळा बसायला जागा लागते. प्लॅस्टिक ओतून गार झाल्यावर आकसतं ते धरून हे माप आणायचं. १९५८ चा ठोकळा आजच्यावर बसतो. आमच्याकडं गेल्या वर्षीच्या लॉटचं कव्हर ह्या वर्षीच्या बॉडीवर बसवताना कानस मारायला लागती, हे आपल्यातच ठेवा.
तेव्हा खेळ का शोपीस ते तुम्ही ठरवा, पण त्या डब्यातला माल खरा आहे.

रंकाळा_चौपाटी
माल वाईट म्हटलंच नाय ओ मी. मालाचा एकच उपयोग ठरवून दिलाय ही तक्रार हाय. तुमच्या ०.२ ला मुजरा.

खरी_कॉर्नर
रंकाळाशी सहमत आणि त्यात एक भर घालतो. १९७७ चा पहिला सिनेमा काढला तेव्हा ती याने बनवणाऱ्यांनी काय केलं माहीत आहे का? बाजारात मिळणारे रणगाड्यांचे, विमानांचे प्लॅस्टिकचे किट आणले, त्यातली चाकं, नळ्या, झाकणं काढली आणि यानाच्या अंगावर चिकटवली. पडद्यावर जी बारीक बारीक यंत्रं दिसतात ना, त्यातली कितीतरी कुणाच्या तरी रणगाड्याची हाडं आहेत. म्हणजे मूळचं यान झालं ते किटचं पुस्तक बाजूला ठेवून, आणि आता त्याच यानाचं पुस्तक आपण पोरांच्या हातात देतोय, ह्यातली गंमत कळली तर बघा.
आणि लांब कशाला, बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच कोल्हापुरात आपल्या हातानं बनवला. रोज त्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरनं जातो आपण. त्यांना कुणी पिशवी नंबर १ दिलेली?

शाहूपुरी_सहावी
बाबूराव पेंटर आले म्हणजे धागा खऱ्या अर्थानं कोल्हापूरचा झाला 😄

मंगळवार_पेठेतली_आई
सगळे दादालोकच बोलायलेत म्हणून लिहिते. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला तोच एक्स-विंग. चाळिसाव्या पायरीला लक्षात आलं की अठ्ठाविसाव्याला एक पट्टी एक बटण डावीकडं लागलीय, आणि तोवर वर बरंच काही चढलेलं. मला वाटलं आता फेकणार, कारण गणिताच्या वहीचं पान ती फाडते. तर नाही. एक एक काढत खाली आली, काढलेलं ओळीनं मांडून ठेवलं, चूक नीट केली आणि परत चढली, दीड तास गेला. मी मुकाट चहा केला. हे तुमच्या चिखलाच्या किल्ल्यात होत नाही, तिथं चूक झाली की "असूदे विशाळगड झाला". (रंकाळा दादा, राग मानू नका, पण तुमचंच वाक्य आहे.)
आणि बघून बघून करणं म्हणजे डोकं गहाण टाकणं असं कुणी सांगितलं? भाकरी थापायला शिकलो तेव्हा आईच्या हाताकडं बघूनच शिकलो, पहिल्या दिवशी कुणी स्वतःची भाकरी शोधून काढत नाही.

रंकाळा_चौपाटी
ताई राग कशाचा, बाजी मारली तुम्ही. पण भाकरी रोज करता न्हवं? शोकेसला ठेवत नाय. दुसऱ्या दिवशी पीठ तेच, भाकरी नवी. मी तेच म्हणायलोय, विमान मोडून दुसरं कर म्हटलं तर पोरगं माझ्याकडं असं बघतंय की मी देवघरातला टाक वितळवा म्हटलोय.

मंगळवार_पेठेतली_आई
ते मात्र आहे. आमच्याकडं पण मोडायचं नाव काढलं की तोंड फुगतं. पण दादा, त्या वस्तूचे पैसे आपणच पोरांना चार वेळा ऐकवलेले असतात, "केवढ्याचं आहे माहीत आहे का, नीट ठेव". मग ते शोकेसमध्येच ठेवणार. लेगोनं नाही शिकवलं ते.

डबा_बंद
मी गोळा करणारा आहे, वय ४१, हसायचं तेवढं हसून घ्या. थोडा इतिहास, कारण इथं सगळे असं बोलायलेत की कंपनीनं पहिल्यापासनं पोरं बिघडवायला हे काढलंय. स्टार वॉर्सचे लेगो १९९९ ला आले, दुसऱ्याच्या सिनेमाचं नाव घेऊन काढलेली ती लेगोची पहिलीच मालिका. त्याआधी कंपनीत ह्याच्यावर वाद झाला होता, कारण युद्धाची खेळणी करायची नाहीत असं त्यांचं जुनं धोरण आणि इथं तर नावातच वॉर. पुढं २००३-०४ ला कंपनी गाळात गेली, तेव्हा असल्या सेटांनी हात दिला. म्हणजे तुमचे बादलीभर सुटे ठोकळे आज दुकानात दिसतात ते ह्या शोपीसांच्या जिवावर.
दुसरं, खरी_कॉर्नर, ज्यांनी रणगाड्याचे किट फोडून याने केली त्यांनी आधी किती किट पुस्तकात बघून जोडले असतील ते पण बोला की. कुठला तुकडा कशाचा हे माहीत असल्याशिवाय फोडता येत नाही.

खरी_कॉर्नर
हे मान्य. पण मग फोडायची पाळी कधी येणार? तुमचं नावच डबा_बंद.

डबा_बंद
😐 माझ्याकडं दोन डबे आहेत न फोडलेले. २००७ चा जुना फाल्कन मी घेऊ शकलो नाही, त्याचे भाव चढत गेले, आणि २०१७ ला कंपनीनं ७,५४१ तुकड्यांचा नवा काढला तसे जुन्याचे उतरले. तेव्हा गुंतवणूक वगैरे जे सांगतात त्यांच्या नादी लागू नका, तेवढं सांगून गप बसतो.

पापाची_तिकटी_रिक्षा
सगळं ठीक हाय पर गरिबानं काय करायचं ते कोण बोलंना. बाहेरनं येणाऱ्या खेळण्यांवरची ड्युटी २०२० ला २० वरनं ६० टक्के केली, २०२३ ला ७०. मी पोरासाठी ऑनलाईन एका ठिकाणनं तसलंच पर बिननावाचं मागवलं, चौथाई किमतीत. बटणं धरंनात. पंख लावला की नाक पडतंय, नाक लावलं की पंख पडतोय, शेवटच्या दोन पानांचे तुकडेच नव्हते पिशवीत. पोरगं रडलं न्हाई, मलाच वाईट वाटलं. परत करायला गेलो तर ती लिंकच गायब.

उद्यमनगरवाला
दादा, बटण ४.८ च्या जागी ४.७५ आलं की संपलं. डाय झिजलेली असणार नाहीतर घाईत गार केलेलं. पण सगळे बिननावाचे वाईट असतात असं नाही हां. ठोकळ्याचं पेटंट कधीच संपलंय, आणि ठोकळ्याच्या आकाराला ट्रेडमार्क मिळणार नाही असं युरोपच्या कोर्टानं २०१० ला सांगितलं, त्यामुळं त्या मापाचे ठोकळे कुणीही करावेत. सिनेमातलं यान आणि डब्यावरचं चित्र चोरलं तर मात्र चोरीच. घेताना आयएसआयचा शिक्का बघा, २०२१ पासनं खेळण्यांना सक्तीचा आहे.
खरं सांगू? शिरोली-गोकुळ शिरगावात एवढे कारखाने, आपल्यातलं कुणी हे माप धरून ठोकळा का काढत नाही, हा माझा खरा त्रास आहे. तुम्ही शोपीसवर भांडा.

तांबडा_पांढरा
काढा की मग, पहिला सेट पन्हाळा. ७,५४१ तुकडे आणि अळीव वेगळं.

रंकाळा_चौपाटी
त्याला पण पुस्तक असणार आणि तो पण शोकेसला जाणार, मी सांगतो. किल्लेसुद्धा आता रंगवलेले रेडिमेड मिळायलेत, गेल्या दिवाळीला आमच्या गल्लीत मातीचे किती होते? तीन. तेव्हा दोष नुसता लेगोचा नाय एवढं मी ताईंच्या प्रतिसादानंतर मानलं. विमान मोडलं पाहिजे ह्यावर मात्र मी ठाम हाय.
उद्यमनगरवाले, एक खासगी काम. तो डाळीएवढा तुकडा. भाचा म्हणतोय तो नसल्यामुळं पंख मोडायचा विषयच नको, आधी पुरा होऊदे. तुमच्याकडं तसला करून मिळंल का?

उद्यमनगरवाला
त्याच मटेरियलमध्ये नाही मिळणार, नायलॉनमध्ये लेथवर टर्न करून देतो. रंग पांढरा येईल. शेजारच्या पंखाचा काढून सॅम्पल आणा. सोमवारी सुट्टी असती, मंगळवारी अकरानंतर या.

रंकाळा_चौपाटी
सॅम्पल काढायला भाचा हात लावू देईना.

मंगळवार_पेठेतली_आई
त्यालाच घेऊन जा की लेथ बघायला.